पार्किन्सन, डिप्रेशन आणि रक्तातलं सेरोटोनिन : घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, बायोकेमिस्ट्री विभागात, मी २६ वर्षं काढली. घरी सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, ११ वर्षं पार्किन्सन होता. या दोन गोष्टी ठाऊक असलेली ओळखीची माणसं फोन करतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून काढली. औषधाचा निर्णय मात्र तुमच्या न्यूरोलॉजिस्टनेच घ्यायचा, तो फोनवर मीही देत नाही.

बाबा हल्ली गप्प गप्प असतात. लॅबच्या पॅकेजमध्ये ‘ब्रेन केमिस्ट्री’ नावाचं पॅनेल मिळतं. त्यातून रक्तातलं डोपामीन आणि सेरोटोनिन तपासलं तर डिप्रेशन आहे का ते कळेल का?

नाही. घाईत असाल तर एवढंच वाचून थांबलात तरी चालेल. पार्किन्सनच्या रुग्णाला डिप्रेशन आहे की नाही, हे सांगणारी रक्ताची तपासणी आज उपलब्ध नाही. ते कळतं समोर बसून विचारल्यावर, आणि घरच्यांनी पाहिलेलं नीट सांगितल्यावर.

पण मेंदूत ही रसायनं कमी झाल्यामुळेच तर हे सगळं होतं ना? मग ते रक्तात का दिसू नये?

कारण मेंदूचं दुकान वेगळं आणि उरलेल्या शरीराचं वेगळं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की डोपामीन, सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही पेशीपेशींत निरोप पोचवणारी मंडळी त्यातून सहजी आरपार जात नाहीत. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, आणि मेंदूतलं तिथेच तयार होऊन तिथेच वापरलं जातं.

पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामीनची गोळी का देत नाहीत, हा प्रश्न कधी पडलाय का? दिली तर ती मेंदूपर्यंत पोचणारच नाही. म्हणून त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा, द्यावा लागतो. तो उंबरठा ओलांडतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. सिंडोपाच्या गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असतं ते एवढ्यासाठीच, की हे रूपांतर वाटेत रक्तात आणि आतड्यात होऊन वाया जाऊ नये, आणि मळमळ कमी व्हावी.

तेव्हा रक्तातला आकडा बघून मेंदूबद्दल बोलणं म्हणजे सोसायटीच्या बोअरची पातळी बघून खडकवासल्यात किती टीएमसी साठा आहे ते सांगण्यासारखं आहे. दोन्हीकडे पाणीच आहे, हे मान्य.

मग रिपोर्टात जे आकडे छापून येतात ते असतात कशाचे?

सेरोटोनिनचं सांगते, कारण त्याची गंमत जास्त आहे. शरीरातलं ९० टक्क्यांच्या वर सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. तिथून ते रक्तात आलं की प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारक्या पेशी, ते उचलून पोटात साठवतात. मोकळं सेरोटोनिन प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तातल्या पाण्यात, अगदी नाममात्र असतं. हे रसायन १९४८ साली सापडलं तेही रक्तातच. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज हे तिघे रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ शोधत होते, म्हणून त्याच्या नावात ‘सीरम’ही आहे आणि ‘टोन’ही. मेंदूतही ते आहे हे कळायला आणखी पाच वर्षं लागली.

आता विचार करा. सकाळी साडेसातला घरी येऊन मुलगा रक्त घेतो. जांभळ्या झाकणाची ट्यूब दोन-चारदा उलटसुलट करतो, पिशवीत टाकतो आणि पुढच्या तीन घरांना जातो. बाइकवर, खड्ड्यांतून. मग कलेक्शन सेंटर, मग कुरिअर. या प्रवासात थोड्या प्लेटलेट जरी फुटल्या, तरी त्यांच्या पोटातलं सेरोटोनिन बाहेर सांडतं आणि प्लाझ्मातला आकडा कुठल्या कुठे जातो. संशोधनासाठी नमुना घेतात तेव्हा ट्यूब बर्फात ठेवतात, ताबडतोब सेंट्रिफ्यूजला लावतात, प्लाझ्मा वेगळा करून अतिथंड फ्रीझरमध्ये टाकतात. आमच्या प्रयोगशाळेत अशा नमुन्यासाठी सेंट्रिफ्यूज आधीच थंड करून ठेवायचो. पॅकेजमधल्या ‘ब्रेन केमिस्ट्री’ला एवढे लाड कोण करणार?

नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचं आणखी निराळं. रक्तातलं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मुख्यतः शरीरभर पसरलेल्या सिंपथेटिक, म्हणजे बीपी आणि धडधड आपोआप सांभाळणाऱ्या, नसांमधून येतं. निरोगी माणूस आडवा असताना जो आकडा असतो तो उभं राहिल्यावर काही मिनिटांत साधारण दुप्पट होतो. चहा, कॉफी, सिगारेट, सुईची भीती, सगळ्यांचा परिणाम. म्हणून रुग्णाला निदान २०-३० मिनिटं शांत पडू देऊन मग रक्त घ्यायचं असतं. तुमच्या वडिलांना असं झोपवलं होतं का? नसेल, तर तो आकडा त्यांच्या मनाचा नाही. फार तर, दाराची बेल वाजल्यावर ते किती धडपडत उठले त्याचा आहे.

गाबा, ग्लुटामेट वगैरे पॅनेलमधल्या बाकीच्या रसायनांवर वेळ घालवत नाही. ग्लुटामेट तर आपण आमटीतून खातो.

आमच्या रिपोर्टात सेरोटोनिन ‘लो’ आणि डोपामीन ‘हाय’ आलंय. काय करायचं?

पहिलं म्हणजे गोळ्यांना हात लावू नका. हे मोठ्याने सांगते, कारण असं झालेलं पाहिलंय. ओळखीतल्या एका मुलाने वडिलांचं असंच पॅनेल करून घेतलं. डोपामीनसमोर लाल बाण, ‘हाय’. त्याला वाटलं, म्हणजे सिंडोपा जास्त होतेय. चाराच्या दोन केल्या, कुणाला न विचारता. चौथ्या दिवशी वडिलांना अंथरुणात कूसही बदलता येईना. लेव्होडोपा एकदम कमी किंवा बंद केली तर अंग लाकडासारखं होणं, जोराचा ताप, शुद्ध हरपणं इथपर्यंत मजल जाऊ शकते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

लेव्होडोपा घेणाऱ्या माणसाच्या रक्तात डोपामीन जास्त दिसणारच, गोळीचाच तो परिणाम. आणि सेरोटोनिन ‘लो’? तुमचे वडील डिप्रेशनवरची एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन घेतात का? ही औषधं पेशींचा सेरोटोनिन आत ओढून घेणारा पंप बंद करतात. प्लेटलेटलाही तोच पंप असतो. तो बंद झाला की त्यांची पोटं रिकामी राहतात आणि रक्तातलं एकूण सेरोटोनिन खाली येतं. म्हणजे औषध लागू पडून माणूस हसायला लागलेला असताना रिपोर्ट मात्र ‘सेरोटोनिन घटलं’ म्हणून गळा काढत असतो.

मग रक्तातली ही रसायनं मोजायचा काहीच उपयोग नाही?

आहे ना, पण दुसऱ्या कामांसाठी. अ‍ॅड्रेनल ग्रंथीची एक विशिष्ट गाठ शोधायला मेटानेफ्रिन, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचे अवशेष, मोजतात, आतड्यातल्या एका प्रकारच्या गाठीसाठी लघवीतला सेरोटोनिनचा अवशेष मोजतात. (त्या तपासणीआधी केळी, अननस, अक्रोड बंद ठेवायला सांगतात. आणि लेव्होडोपा चालू असेल तर मेटानेफ्रिनच्या रिपोर्टात घोळ होतो, तेव्हा पार्किन्सन आहे हे प्रयोगशाळेला आधी सांगा.) पार्किन्सनमध्ये उभं राहताना बीपी पडून चक्कर येते, त्याचं कारण शोधताना आडवं असतानाचं आणि उभं राहिल्यावरचं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मोजतात. तिथे तो आकडा खरोखर बोलतो, कारण प्रश्नच शरीरातल्या नसांचा असतो.

पण पार्किन्सनच्या डिप्रेशनमध्ये रक्तातलं सेरोटोनिन कमी असतं असं संशोधन मी वाचलंय.

बरोबर वाचलंय. असे अभ्यास आहेत, आणि ते करणारे लोक काही बावळट नाहीत. प्लेटलेट सेरोटोनिन ओढते-साठवते ती रीत मेंदूतल्या पेशीच्या रीतीशी जुळते, म्हणून तिचा नमुना म्हणून उपयोग करायचा, ही कल्पना जुनी आहे. मेंदूच्या जरा जवळचा पुरावा म्हणजे पाठीच्या कण्यातलं पाणी. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मेयो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डिप्रेशन असलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांत त्या पाण्यातला सेरोटोनिनचा अवशेष कमी असतो. पुढच्या सगळ्या अभ्यासांत मात्र तसं स्वच्छ चित्र आलं नाही.

अडचण अशी की संशोधनातला ‘कमी’ हा गटाच्या सरासरीचा असतो. ५० जणांचा एक गट, ५० जणांचा दुसरा, दोघांची सरासरी थोडी वेगळी. पण दोन्ही गटांतले आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या माणसाचा आकडा हातात ठेवून तो कुठल्या गटातला हे सांगता येत नाही. मराठवाड्यात सरासरी पाऊस कोकणापेक्षा कमी पडतो, पण आज पाच मिलिमीटर पडला एवढ्यावरून तुम्ही लातूरला आहात की चिपळूणला हे कोण सांगणार? शिवाय पार्किन्सनमध्ये आतडं मंदावतं, बद्धकोष्ठ बहुतेकांना असतं, आणि सेरोटोनिनचा कारखाना तर आतड्यातच. मग कमी झालेलं सेरोटोनिन मनाचं म्हणायचं की पोटाचं?

एकूणच ‘सेरोटोनिन कमी म्हणजे डिप्रेशन’ हे समीकरण आता कुणी इतक्या सरळपणे मांडत नाही. २०२२ मध्ये लंडनच्या जोअ‍ॅना मॉनक्रीफ यांच्या गटाने आधीच्या सगळ्या आढाव्यांचा मिळून आढावा घेतला आणि त्या समीकरणाला सातत्याने आधार मिळत नाही असं लिहिलं. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांत बरीच जुंपली. पण औषधं उपयोगी पडतात की नाही हा वेगळा प्रश्न आहे. क्रोसिनने डोकं दुखायचं थांबतं, म्हणून डोकेदुखी क्रोसिनच्या कमतरतेने झाली असं आपण म्हणत नाही.

ही ‘रसायन कमी झालं’ची कल्पना आली कुठून?

या गोष्टीत आपली सर्पगंधा आहे, म्हणून जरा लांबण लावते.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे झोप लागत नाही, डोकं फिरलंय, अशा तक्रारींवर पिढ्यान्‌पिढ्या देत आलेत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातलं रेसरपिन वेगळं केलं गेलं. बीपीवर ते धडाक्यात वापरलं जाऊ लागलं आणि डॉक्टरांना दिसलं की काही रुग्ण खिन्न होतायत, काहींच्या हालचाली पार्किन्सनसारख्या मंदावतायत. रेसरपिन पेशींच्या कोठारातली डोपामीन, सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तिन्ही रिकामी करतं, हे नंतर कळलं.

१९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निपचित पाडलेल्या सशांना डोपा, म्हणजे डोपामीनचा कच्चा माल, टोचलं आणि ससे कान उभारून हिंडायला लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सनने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तर डोपामीन अगदी तळाला गेलेलं. पुढच्या वर्षी लेव्होडोपाची इंजेक्शनं आली, आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी पोटातून वाढत्या मात्रेने ती देण्याची रीत बसवली. आज आपण देतो ती गोळी या वाटेने आली आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

पार्किन्सनच्या बाबतीत ‘रसायन कमी’ हे अक्षरशः खरं निघालं, मेंदू उघडून मोजलेलं. डिप्रेशनच्या बाबतीत मात्र तोच तर्क अंदाजाने पुढे नेला गेला. रेसरपिनमुळे डिप्रेशन येतंच, यावरही नंतर शंका घेतल्या गेल्या. लंडनमध्ये १९५५ च्या एका चाचणीत तर चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना त्याने बरं वाटलं होतं! रक्ताचं पॅनेल विकणारे या अर्ध्याच गोष्टीवर दुकान चालवतात.

मग पार्किन्सनमध्ये मेंदूत नेमकं होतं काय की माणूस खिन्न होतो?

आपण ऐकतो ते डोपामीन बनवणाऱ्या काळ्या पेशींबद्दल. पण मेंदूच्या देठात आणखी दोन छोटे पुंजके आहेत. एक राफे, तिथून मेंदूभर सेरोटोनिन जातं. दुसरा लोकस सेरुलियस, म्हणजे ‘निळा ठिपका’, तिथून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने २००३ मध्ये मांडलेल्या टप्प्यांनुसार आजार या दोन पुंजक्यांत आधी शिरतो आणि काळ्या पेशींपर्यंत नंतर पोचतो. सगळ्यांच्या बाबतीत तो याच क्रमाने जातो असं नाही. पण हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी काहींना डिप्रेशन का येतं, हे त्यावरून थोडं उमगतं. २००५ मध्ये फ्रान्समधल्या रेमी आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनने दाखवलं की डिप्रेशन असलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांत, भावनांशी संबंधित भागांतलं डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचं जाळं जास्त विरळ झालेलं असतं. तेही गटांच्या तुलनेतच, हे विसरू नका.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं, तेव्हा बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असं लिहून ठेवलं. त्यांचे रुग्ण होते सहा, त्यातले काही तर फक्त रस्त्यात पाहिलेले. रस्त्यात दिसलेल्या माणसाचं मन कसं दिसावं!

एवढा आजार झाल्यावर कुणीही खचेलच की. त्याला डिप्रेशन कशाला म्हणायचं?

दुःख होणं वेगळं. पण २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात पार्किन्सनच्या साधारण १७ टक्के रुग्णांत तीव्र डिप्रेशन आढळलं, आणि दखल घ्यावी इतपत लक्षणं ३५ टक्क्यांत. सौम्य प्रकार आणखी आहेतच. आजार जडण्याआधीच डिप्रेशन आलेली माणसं ‘खचून’ आजारी पडली असं तर म्हणता येत नाही. ते आजाराचाच भाग आहे, कंपासारखंच. ‘मन खंबीर करा’ म्हणून हात थरथरायचा थांबत नाही, तसं हेही थांबत नाही.

ओळखायचं कसं? चेहरा तर आजारानेच निर्विकार झालाय.

हा खरा अवघड प्रश्न. मुखवट्यासारखा चेहरा, बारीक आवाज, मंद हालचाल, झोप उडणं, वजन उतरणं. यातलं प्रत्येक लक्षण पार्किन्सनचं असू शकतं आणि डिप्रेशनचंही. म्हणून शरीराकडे न बघता आवडीनिवडीकडे बघायचं.

अण्णा रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, पेनाने, खाडाखोड न करता. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं, तसं त्यांचं झालं, चौकटीत एक मुंगी बसल्यासारखं. मग कोडं बंद पडलं. आम्ही म्हटलं, हात चालत नाही म्हणून. एक दिवस मी पेन घेऊन बसले. ‘अण्णा, तुम्ही सांगा, मी लिहिते.’ त्यांनी पेपराकडे पाहिलंही नाही. ‘राहू दे गं. काय करायचंय आता.’ हात चालत नव्हता हे खरं, पण कोडं हाताने थांबवलं नव्हतं. तिथे मला पहिल्यांदा खटका लागला, आणि तरी डॉक्टरांना सांगायला आम्ही दोन महिने लावले.

आणखी एक भेद करावा लागतो. पार्किन्सनमध्ये नुसतं औदासीन्यही येतं. माणूस आपणहून काही सुरू करत नाही, पण त्याला त्याचं काही वाटतही नाही. ‘बरा आहे मी’ म्हणतो आणि खरंच बरा असतो, बायको मात्र वैतागते. डिप्रेशनमध्ये आत त्रास असतो, मी ओझं झालोय, माझा उपयोग नाही, असली वाक्यं येतात. दोन्हीचा उपाय एक नाही. डॉक्टरकडे ज्येष्ठांसाठी बनवलेली १५ हो-नाही प्रश्नांची एक यादी असते. तिच्यात शारीरिक तक्रारींवर भर नसतो, म्हणून ती इथे उपयोगी पडते.

वेळेचीही नोंद ठेवा. काहींचं मन गोळीबरोबर चढतं-उतरतं. गोळीचा असर उतरला की घाबरं होणं, रडू येणं, आणि पुढच्या गोळीनंतर पाऊण तासात माणूस ठीक. असं असेल तर डिप्रेशनचं औषध वाढवण्याआधी गोळ्यांच्या वेळा बसवून बघतात. एका वहीत आठवडाभर गोळीची वेळ आणि शेजारी ‘कसं वाटतंय’ एवढं लिहा. कुठल्याही पॅनेलपेक्षा ही वही डॉक्टर जास्त लक्ष देऊन बघतील.

रक्ताच्या कुठल्या तपासण्या खरंच कराव्यात?

थायरॉइडची टीएसएच. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त आणि खिन्न होतो, आणि ते सहज बरं करता येतं. हिमोग्लोबिन. आणि बी-१२, ही तर हमखास. आपल्याकडे शाकाहारी घरांत ती कमी असतेच, त्यात लेव्होडोपा दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणखी खाली जाते. सोडियमही बघावं. वयस्कर माणसांत डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी ते उतरतं, आणि मग गोंधळ, सुस्ती, तोल जाणं सुरू होतं. घरच्यांना वाटतं पार्किन्सन वाढला.

शिवाय औषधांची पिशवी उलटी करून बघा. चक्करसाठी सर्रास दिली जाणारी सिनारिझिन आणि अर्धशिशीची फ्लुनारिझिन, दोन्हींनी पार्किन्सनसारखी लक्षणंही येतात आणि डिप्रेशनही. मळमळीवरचं मेटोक्लोप्रमाइडही पार्किन्सनला चालत नाही. ‘दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दिली होती, अजून घेतात’ अशी एखादी गोळी त्या पिशवीत असतेच.

डिप्रेशनच्या औषधांचा उपयोग होतो का?

होतो, बऱ्याच जणांना. २०१२ च्या एका अमेरिकी चाचणीत पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन दोन्ही औषधं, पार्किन्सनच्या रुग्णांत, खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. त्याआधी २००९ च्या एका छोट्या चाचणीत नॉरट्रिप्टिलिन चाललं आणि पॅरोक्सेटिन चाललं नव्हतं. म्हणजे अमुकच औषध द्यावं असा नियम नाही. नॉरट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठ, बीपी पडणं, गोंधळ वाढू शकतो. डॉक्टर हे सगळं तोलून ठरवतात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर धीर धरा.

प्रामिपेक्सोल हे पार्किन्सनचंच औषध मनावरही काम करतं असं २०१० च्या युरोपातल्या चाचणीत दिसलं. पण त्या जातीच्या औषधांनी काहींना आवर न घालता येणारे नाद लागतात : जुगार, खरेदी, सतत खाणं. आयुष्यभर पैन् पैचा हिशेब ठेवलेले आजोबा मोबाइलवर रात्रभर रमी खेळायला लागले, तर स्वभाव बदलला म्हणून भांडू नका, डॉक्टरांना फोन करा.

पार्किन्सनसाठी रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा, आणि न्यूरोलॉजिस्टना डिप्रेशनच्या गोळीचं. ही जोडी बऱ्याचदा दिली जाते, पण दोघांना एकमेकांचं ठाऊक असायला हवं.

गोळ्यांशिवाय : समुपदेशन, विशेषतः विचारांच्या सवयींवर काम करणारं, पार्किन्सनमध्येही उपयोगी पडतं. व्यायामाचा फायदा मनालाही होतो आणि चालण्यालाही. आणि माणसं. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. अण्णांना आधी ते शब्द फार गोड वाटले होते, त्यांच्या भाषेत ‘गूळ जास्त झाला’. तिसऱ्या बैठकीनंतर स्वतःच विचारायला लागले, पुढची कधी आहे.

केळी, अक्रोड, डार्क चॉकलेटने सेरोटोनिन वाढतं म्हणतात.

केळ्यात सेरोटोनिन असतं, पण ते उंबरठ्याबाहेरच राहतं. केळं खा, पोट साफ व्हायला बरं.

खाण्यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. लेव्होडोपा ज्या दारातून मेंदूत जाते त्याच दारातून प्रथिनांचे घटकही जातात, आणि तिथे गर्दी होते. म्हणून डाळ, पनीर, अंडी यांच्या भरपेट जेवणाबरोबर घेतलेली गोळी कमी लागते. जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर बरी. आणि खाजकुइली म्हणजेच कवचबीजाची पूड देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. तिच्यात खरोखरचं लेव्होडोपा असतं, त्यामुळे ‘आयुर्वेदिक आहे, चालतं’ म्हणून वर दोन चमचे देणं म्हणजे न मोजता जास्तीची गोळी देणं झालं.

ते मानसोपचारतज्ज्ञांकडे यायलाच तयार नाहीत. ‘मी काय वेडा आहे का?’ म्हणतात.

मग आधी न्यूरोलॉजिस्टकडेच विषय काढा. पार्किन्सनच्या तपासणीला तुम्ही जाताच, तेव्हा आत शिरल्याबरोबर कंपाच्या आधी मनाचं सांगा, शेवटच्या मिनिटाला नको. डॉक्टर बाबांना विचारतील, ‘काय, मूड कसा आहे?’ आणि बाबा ‘उत्तम’ म्हणतील. त्या क्षणी तुम्ही गप्प राहायचं नाही. त्यांच्यासमोर बोलणं जड जात असेल तर आधी चिठ्ठी लिहून द्या. आम्ही तेच केलं.

जगण्यात अर्थ नाही, सुटलो तर बरं, असं कुणी बोलत असेल तर ‘असं बोलू नये’ म्हणून विषय बदलू नका. थेट विचारा, ऐकून घ्या, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, आणि घरातल्या गोळ्यांचा साठा त्यांच्या हाताशी ठेवू नका. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर सांभाळणाऱ्यांसाठीही आहे. रात्री चारदा उठणारी सासू-सून-बायको खचत नाही असा ज्यांचा समज आहे, त्यांनी एक आठवडा उठून बघावं.

पॅनेलचे पैसे भरून झालेत. उद्या सकाळी रक्त घ्यायला माणूस येतोय. आता?

आत्ताच फोन करून विचारा, त्याच पैशांत टीएसएच, बी-१२, हिमोग्लोबिन आणि सोडियम करून मिळेल का. बहुतेक ठिकाणी बदलून देतात. नाही म्हणाले तर पॅनेल रद्द करायला सांगा. यातल्या कशालाही उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा सकाळची सिंडोपा रोजच्या वेळेला, पाण्याबरोबर, द्याच. रक्त घेणारा उशिरा आला म्हणून गोळी थांबवायची नाही. हात फार थरथरत असेल तर कोपराखाली उशी ठेवा आणि त्या मुलाला सांगा, घाई करू नकोस, दोन मिनिटं थांब.